इंजेक्शन मला, रडू तिला

आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको — भूत, करणी, बाहेरचं, अंगात येणं यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. मी पॅटर्नमेकर. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे. फौंड्रीत वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात, तो साचा ज्या लाकडी नमुन्यावरून घेतात, तो नमुना मी बनवतो. माप चुकलं की अख्खं कास्टिंग भंगारात. त्यामुळं ‘असं वाटलं’, ‘तसं भासलं’ म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो — मोजलंस काय? लिंबू सरबताला आणि मिरची ठेच्याला, यापलीकडं त्या दोघांचा उपयोग मला माहीत नाही. या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचून मी गालातल्या गालात हसत आलोय. आता माझा वाचा आणि तुम्ही हसा.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंब्याला आमच्या गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. मी रुबाबात रक्त देऊन, बिस्किट-चहा घेऊन आलो आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप — येऊन भेटा. हिपॅटायटिस सी निघाला. तरणा असताना फौंड्रीत माझ्या पायावर कास्टिंग पडलं होतं, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी ही तपासणी सगळीकडं होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्यातूनच आलं असणार, आणि इतकी वर्षं ते गुपचूप लिव्हर खात बसलंय.

आता यावर तीन महिन्यांच्या गोळ्या निघाल्यात. तेव्हा मला मिळालं ते जुनं औषध — दर आठवड्याला एक इंजेक्शन, रोज कॅप्सूल, असे चोवीस आठवडे. डॉक्टरांनी मला आणि माझ्या बायकोला, मंगलला, समोर बसवून सांगितलं, “ताप येईल, अंग दुखेल, केस जातील. ते सोपं आहे. पण हे औषध मनावर जातं. चिडचिड, उदास वाटणं, विनाकारण रडू येणं, कधी कधी जीव नकोसा होणं. तसं काही दिसलं तर लगेच मला फोन करायचा, लपवायचं नाही.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मला शेवटचं रडू कधी आलं, ते आमच्या आईला विचाराय लागंल.”

डॉक्टर हसले नाहीत. मंगलकडं बघून म्हणाले, “वहिनी, तुम्ही लक्ष ठेवा.”

आजाराचं आम्ही कुणाला सांगितलं नाही. लोकांना कावीळ एवढंच कळतं, आणि मग आपल्या घरचा चहा प्यायला कुणी तयार होत नाही. रेहानाला तर मुद्दाम सांगितलं नाही. तिला एक गोष्ट सांगितली की हुपरीच्या बसस्टँडवर स्पीकर लावल्यासारखं होतं.

रेहाना माझी दूधबहीण. मी जन्मलो तेव्हा आईला टायफॉईड झाला आणि दूध आटलं. शेजारच्या चाचींना, म्हणजे रेहानाच्या आईला, दोन महिन्यांची रेहाना होती. त्यांनी मला उचललं आणि सात-आठ महिने दोघांना पाजलं. त्यांच्यात एका अंगावर प्यालेली पोरं सख्खी भावंडं धरतात. रेहाना लग्न होऊन हुपरीला गेली. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं. तिचे मालक दस्तगीरभाई पैंजण बनवतात आणि ती त्याला घुंगरू बसवते. दोन महिन्यांनी मोठी असल्याचा तोरा तिनं आयुष्यभर मिरवला. बडबडी, भांडकुदळ, आणि हसायला लागली की गल्ली गोळा करणारी बाई.

रविवारी संध्याकाळी सातला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन द्यायचे. सोमवारी शॉपला सुट्टी, म्हणून रविवार. ताप आला, अंग मोडून आलं, हिमोग्लोबिन उतरलं, कंगव्यात केसांचा गुंता यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं झालं. पण मनावर काही नाही. उलट माझं डोकं कधी नव्हे एवढं शांत. मी तसा तापट माणूस, जेवणात मीठ जास्त झालं तर ताटावरून उठणारा. एकदा मंगलनं आमटीत दोनदा मीठ घातलं आणि मी निवांत जेवून हात धुतले. ती घाबरून म्हणाली, “अहो, बरं वाटतंय न्हवं?” दर भेटीला डॉक्टर प्रश्नांचा कागद पुढं ठेवायचे — झोप, राग, रडू, निराशा — आणि मी सगळीकडं ‘नाही’ लिहायचो. मी लपवतोय अशी त्यांची खात्री होती. ते मंगलला वेगळं विचारायचे, तीही तेच सांगायची.

तिसरा महिना लागला असेल, दस्तगीरभाईंचा फोन आला. हा मनुष्य कामाशिवाय बोलत नाही.

“पावणं, जरा येऊन जावा. रेहानाचं काय खरं न्हाय.”

मी मंगळवारी दुपारी हुपरीला गेलो. रेहाना भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढ्यातल्या परातीत घुंगरू तसेच पडलेले. मी हाक मारली तर तिनं वळून बघितलं. रडून रडून पापण्या सुजलेल्या.

“काय झालंय? दाजी काय बोलले काय?”

“ते बिचारं काय बोलत्यात,” ती म्हणाली. “कुणी काय बोललं न्हाय रे इलास. दुखत न्हाय, खुपत न्हाय. नुसतं भरून येतंय. काल गिऱ्हाईकाच्या अंगावर पैंजण फेकलं मी. माझ्या हातानं! मग त्या पैंजणासाठी रडत बसली.”

दस्तगीरभाई म्हणाले, “थायरॉईड बघितलं, साखर बघितली. दर्ग्यात बी नेऊन आणलं. समदं बरं हाय म्हणत्यात. आयतवारी मगरिबच्या अजानच्या सुमाराला सुरू हुतंय, बुधवारपातूर ऱ्हातंय, आणि मग तीन दिस माणूस चांगलं. दोन-अडीच महिनं झालं.”

रविवार. संध्याकाळ. दोन-अडीच महिने. मी चहा घेतला आणि बस पकडली. घरी येऊन मंगलला पहिल्यांदा विचारलं, तू रेहानाला काही बोललीस? तिनं पोरांची शपथ घेतली. दस्तगीरभाईंनाही काही माहीत नव्हतं, नाहीतर ते तसे समोर बसून बोलले नसते.

मी स्वतःला समजावलं की योगायोग आहे. पण योगायोगही मोजून बघता येतो. मी डॉक्टरांना विचारलं, एका आठवड्याला इंजेक्शन दोन दिवस उशिरा घेतलं तर चालेल का, बाहेर जायचंय. ते म्हणाले, एकदा चालेल, सवय करू नका. त्या रविवारी मी इंजेक्शन घेतलं नाही. फ्रीजमध्ये चटणीच्या डब्यामागं ते तसंच ठेवलं. सोमवारी दस्तगीरभाईंना सहज फोन केल्यासारखा केला.

“आज लई खुशीत हाय की! सकाळपास्नं शेजारणीसंगं भांडाय लागलीया,” ते म्हणाले. एवढ्या आनंदानं बायकोच्या भांडणाची बातमी सांगणारा नवरा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मंगळवारी संध्याकाळी सातला मी इंजेक्शन घेतलं. साडेसातला फोन वाजला. “पावणं, आज मंगळवार असून बी सुरू झालं बघा...”

मला ताप चढायला अजून तासभर होता, तरी अंगावर काटा उभा राहिला. भीती नव्हती ती. आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी शेजारून गेलं आणि आपल्याला त्याची नुसती हवा लागली, असं काहीतरी वाटत होतं. सुईचा ताप, अंगदुखी, गळणारे केस माझ्या वाट्याला, आणि मनाचा सगळा भार पंचवीस किलोमीटरवर बसलेल्या, जिला याची गंधवार्ताही नाही अशा बाईच्या वाट्याला. मी मोजून बघितलं होतं आणि माप जुळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, “औषध असं दुसऱ्याला लागत नाही. पण कारण काही असो, त्या बाईंना डिप्रेशन आहे, त्यांना आधी घेऊन या.” तिचं रक्तही तपासलं. हिपॅटायटिस नव्हता. मनाच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या, त्यानं थोडा उतार पडला, पण रविवार काही सुटेना.

माझी चौदा इंजेक्शनं झाली होती, दहा राहिली होती. मधेच सोडलं तर विषाणू परत उठेल आणि लिव्हरचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन दिवस मी शॉपमध्ये लाकडावर नुसता हात फिरवत बसलो. ज्या माउलीनं स्वतःच्या पोरीच्या वाटणीचं दूध मला पाजलं, तिच्या पोरीला मी रडवत होतो. मला ते सहन होईना. ठरवलं, औषध बंद. आणि हे तिला तोंडावर सांगायचं, म्हणून गुरुवारी हुपरीला गेलो.

सगळं सांगितलं. रक्तदानापासून मंगळवारपर्यंत. ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा तिनं माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“एवढं मोठं दुखणं आणि मला सांगितलं न्हाईस? मी काय मेलती व्हय?”

“तू गावभर केलं असतंस.”

“केलं असतं की! त्येला काय हुतंय!”

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “किती सुया ऱ्हायल्यात?”

“दहा. पण मी आता घेणार न्हाय.”

“न्हाय कसा घेत! म्हंजे धा आठवड्यांनी हे संपणार हाय?” तिचा चेहरा एकदम उजळला. “आरं, मला वाटलं जलमाचं लागलंय. मी येडी व्हायला लागली म्हणून रोज मरत हुती. धा म्हंजे काय, चुटकीसरशी जात्यात. तू गुमान सुई घे. रडायचं मी बघती.”

मी दस्तगीरभाईंकडं बघितलं. ते मान खाली घालून पैंजणाची कडी जुळवत होते. म्हणाले, “तिच्या म्होरं माझं काय चालतंय, ते तुमाला ठावं हाय. फकस्त तिला एकली ठेवायची न्हाय.”

त्यानंतर प्रत्येक रविवारी दुपारच्या बसनं ती कळंब्याला यायची. सात वाजता कंपाउंडर माझ्या दंडात सुई टोचायचे, ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. थोड्या वेळानं आधी तिची बडबड थांबायची, मग ओठ थरथरायचे, आणि मग डोळ्यांतून नुसती धार. आवाज नाही, हुंदका नाही. मी गोधडीत कुडकुडत तिचा हात धरून बसायचो. मंगल एकदा मला पाणी द्यायची, एकदा तिला. बुधवारी ती हसत हुपरीला परत जायची. कंपाउंडरांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, भावाला सुई टोचलेली बघवत नाही बहिणीला.

चोविसावं इंजेक्शन झालं. त्या बुधवारी ती गेली आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. “इलास, साडेसात वाजलं. काय बी न्हाय!” आणि ती अशी खदाखदा हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तिच्या गोळ्या मनाच्या डॉक्टरांनी पुढं हळूहळू बंद केल्या. तिला पुन्हा कधी तो त्रास झाला नाही. माझ्या रक्तात विषाणू सापडला नाही, सहा महिन्यांनी नाही आणि अजूनपर्यंत नाही.

स्पष्टीकरण मी पुष्कळ शोधलं. डॉक्टर योगायोग म्हणतात, पण मंगळवारच्या फोनचं काय ते त्यांनाही सांगता येत नाही. माझी आई म्हणते, दुधाचं नातं. पण दुधातून असं काही जात असतं तर गावागावात असे किस्से झाले असते. मला काही माहीत नाही, आणि माहीत नाही असं लिहायची मला सवयही नाही.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते मला गेल्या वर्षी कळलं. हुपरीला तिच्या अंगणात बसलो होतो आणि बोलता बोलता ती म्हणाली, “एकोणिसाव्या सुईच्या टायमाला लई वंगाळ झालं हुतं. सोमवारी सकाळी तुझ्याच गच्चीवर कपडं वाळत घालाय गेली हुती. मनात आलं, आता बास. संपवावं. लई गोड वाटलं ते, इलास. मंगलला हाक मारली आणि तिला धरून खाली आली.”

मी विचारलं, “थांबलीस कशी?”

“मला ठावं हुतं की,” ती म्हणाली, “त्यो इचार माझा न्हवता. त्यो तुझ्या सुईचा हुता. दुसऱ्याच्या इचारापायी कोण जीव देतंय?”

तिला हे सोपं वाटलं. ती उठून चहा ठेवायला गेली. मी मात्र तिथंच बसून राहिलो. कारण तो विचार माझ्याकडं आला असता, तर मी कुणाला हाक मारली नसती. डॉक्टरांच्या कागदावर ‘नाही’ लिहिलं असतं, आणि तो माझाच विचार आहे असं समजून मी त्याचं ऐकलं असतं.