मोठ्या बाईंची भाऊबीज

मोठ्या बाई रोज सकाळी शाळेच्या दारातल्या फळ्यावर एक वचन लिहीत, आणि एखाद्या दिवशी फळा मुद्दाम कोरा ठेवत. सौंसरच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून नवीन लागले तेव्हा वाटलं, खडू संपला असेल. विचारलं तर म्हणाल्या, "आज क्षमेवरचं वचन होतं. सकाळीच दूधवाल्यावर उखडली मी. कोणत्या तोंडानं लिहू?" दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला चहा पाजून आल्या, मगच ते वचन फळ्यावर उतरलं.

वचनं त्यांची नव्हती. वडील पोथी वाचत आणि खरेपणा, दया, संयम यांवरचं जे मनाला लागे ते वहीत उतरवून ठेवत. ती वही बाईंकडे आली होती. आईवडील लवकर गेले. धाकट्या वासुदेवला बाईंनीच वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं. रामाकोन्याचं शेत वासुदेव पाही आणि दर भाऊबीजेला संत्र्यांची टोपली घेऊन सौंसरला येई. मी पांढुर्ण्याची, बाईंच्याच घरी खोली घेऊन राहत होते. माझा भाऊ फौजेत, त्यामुळे भाऊबीजेला मीही बाईंकडेच असे.

पंच्याऐंशी सालच्या सुमारास वासुदेवनं संत्र्याची नवी ओळ लावली, ती शेजारच्या शेतात चार हात आत घुसवून. ते शेत देवकाबाईचं. एकटी बाई, दुसऱ्यांकडे मजुरीला जाऊन आपला तुकडा सांभाळणारी. पटवारी पाहणीला येणार होता, पण हद्दीचा जुना दगड गायब झाला होता आणि गावात कोणी तोंड उघडेना. देवकाबाई शाळेत आली, दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी तं लहानपणी तिथंच खेळल्या," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही दोघी रामाकोन्याला गेलो. पटवाऱ्यासमोरून बाई सरळ चालत गेल्या आणि नव्या कलमांच्या अलीकडे, चार हातांवर उभ्या राहिल्या. "हद्दीचा धुरा इथं होता. इथंच बसून बाबा भाकर खायचे."

वासुदेवचा चेहरा उतरला. "ताई, तू माह्या बाजूनं नाही?"

"तुह्याच बाजूनं आहो. म्हणून तं आली."

कलमं उपटली गेली. वासुदेवनं बोलणं टाकलं. परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, "बरोबर वागलं तरी दुखतेच. बाबांनी हे वहीत लिहिलं नाही."

त्या भाऊबीजेला तो आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहून बाईंनी निरांजन, कुंकू, करंज्यांचा डबा पिशवीत भरला. "रुसला तो आहे. मी कुठं रुसली?" आम्ही पोचलो तेव्हा वासुदेव ओट्यावर बसला होता. बहिणीला पाहताच तो पाठ फिरवून बसला. बाईंनी दिवा लावला आणि त्याच्या पाठीलाच ओवाळलं. डोक्यावर अक्षता टाकल्या, डबा त्याच्या बायकोच्या हातात दिला आणि निघाल्या. पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी माझी तिगावला बदली झाली होती. बाईंबरोबरची ती शेवटची दिवाळी. रामाकोन्याला जाताना मी विचारलं, "किती वर्षं पाठीला ओवाळणार?"

"पाठ तरी त्याचीच आहे ना. मीच चोळून आंघोळ घालत होती तिला."

त्या दिवशी वारा होता. निरांजन विझलं. एक काडी विझली, दुसरीही विझली. तिसरी ओढली तेव्हा वासुदेव वळला आणि त्यानं दोन्ही हातांचा आडोसा केला. वात पेटली. बाईंनी त्याला कुंकू लावलं आणि ताट तसंच हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"मिशा पिकल्या रे तुह्या," त्या म्हणाल्या. "मागून दिसत नव्हत्या."