गोष्टीतली मुलगी जेवत नाही

वस्तीतल्या आमच्या वाचनालयात सुमन पुस्तक परत द्यायला आली आणि टेबल धरून उभीच राहिली. तिची आई जाऊन महिना झाला होता.

"ताई, ह्यातल्या मुलीची आई वारते ना, तेव्हा ती जेवतच नाही. मी तर तेराव्याला दोन लाडू खाल्ले. मी वाईट आहे का गं?"

बोलता बोलता कळलं, ते पुस्तक वाचल्यापासून ती शाळेतली खिचडी मैत्रिणीला देऊन टाकते. चार दिवस!

मी हादरले. 'वाच, बरं वाटेल' म्हणून पुस्तक मीच दिलं होतं.

मग आई गेलेल्या पोरांच्या गोष्टी शोधत कपाटच उपसलं. एका गोष्टीत पोरगं चांदणीकडे बघून शहाणं होतं, दुसरीत मुलगी एका दिवसात धाकट्यांची आई होते. सगळी कशी गोड रडतात! कुणाला भूक लागत नाही, कुणी लंगडी खेळत नाही, गेलेल्या आईवर कुणी चिडत नाही. अहो लेखक मंडळी, तुम्हाला डोळे पुसायला एक उपाशी पोर लागतं. इथे खरीखुरी पोर उपाशी राहिली, तिचं काय?

मी माझा डबा तिच्यापुढे उघडला.

"आईला राग नाही ना येणार?"

"तुझी आई ताटात टाकू द्यायची का?"

"छे! धपाटा घालायची." ती हसली, पोळी-भाजी संपवली आणि रिकाम्या डब्यात डोकावून म्हणाली, "ताई, अजून आहे?"