दारूच्या मळ्यातली बाग

लग्न होऊन मी हट्टा गावाच्या पुढच्या एका खेड्यात आले, तेव्हा गावाबाहेर एक जुनी बाग होती. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदारानं लावलेली. मधोमध पायऱ्यांची दगडी बारव, भोवती चिंचा, कवठं, उंबर आणि माजलेला मोगरा. त्या घराण्यातलं कुणी उरलं नव्हतं. शेळ्या आत चरायच्या.

पुढे काही वर्षांनी, दोन हजार सालानंतर, नाशिककडं राहून आलेल्या एका माणसानं ती बाग आणि शेजारची जमीन घेतली. द्राक्षं लावली, वाइनचा कारखाना टाकला. माझा नवरा वेलींच्या छाटणीला लागला, मी गावातल्या इतर बायांसोबत बागेच्या कामाला. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बागेत औषध फवारायचं नाही, पाचोळा जाळायचा नाही. चिंचेच्या ढोलीत घुबडं होती. ती द्राक्षांतले उंदीर खायची, म्हणून वाळकी फांदीसुद्धा विचारल्याशिवाय तोडायची नाही. बारवेतला गाळ आम्ही बायांनीच पाट्यांनी उपसला. तळाचा झरा मोकळा झाला त्या दिवशी आम्ही सगळ्या तिथंच भिजत बसलो होतो. इतकं हसू मला सासरी पहिल्यांदा आलं.

पण माहेरी कुणी विचारलं की मी एवढंच सांगायची, "बागेत जाते."

माझा बाप देशी दारूनं गेला. मायनं दुसऱ्याच्या रानात खुरपून आम्हा भावंडांना वाढवलं, आणि पुढे माहेरच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला तीच उभी राहिली. बायकांचं मतदान झालं, बाटली आडवी झाली. ती बातमी मी बागेत सांगितली, साखर वाटली. एका बाईनं साखर तोंडात टाकत विचारलं, "अन् आपून काय करून राहिलो इथं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उरलेली साखर पुडीत बांधून ठेवली.

दुकान बंद झाल्यावर आसपासच्या गावांतल्या बायकांनी कारखान्यावर मोर्चा आणायचं ठरवलं. मला त्याची खबर नव्हती. मी मोगऱ्याला पाणी देत होते, तेव्हा फाटकावर गलका झाला. पाहते तर सगळ्यांच्या पुढे माय.

मालक बाहेर आले, हात जोडले. म्हणाले, "मावशी, इथं एक बाटलीही विकत नाही. सगळा माल पुण्या-मुंबईला जातो."

"पुण्या-मुंबईच्या लेकरायला बाप न्हाईत का?" माय म्हणाली.

ऊन तापलं होतं. मालकांनी बायकांना बागेत सावलीला बसवलं आणि मला पाणी द्यायला सांगितलं. मी तांब्या घेऊन एकेकीच्या ओंजळीत ओतत गेले. मायपाशी आले तेव्हा तिनं ओंजळ पुढे केली नाही.

"कवापासून?" तिनं हळूच विचारलं.

"लई दिस झाले."

"मला बाग म्हून सांगत व्हतीस."

"बागच हाय ही, माय."

तिनं वर झाडांकडं पाहिलं, खालच्या बारवेकडं पाहिलं. "व्हय. चांगली ठिवलीस. म्हून तर जास्त वाईट वाटून राहिलं." मग उठली, गुडघ्यावर हात टेकत बारवेच्या पायऱ्या उतरली आणि स्वतःच्या हातानं पाणी प्याली. बायका माझ्या हातातल्या तांब्याकडं पाहत होत्या. तो ठेवावा कुठं, हेही मला कळेना.

काम सोडावं का, यावर आम्ही नवरा-बायको रात्ररात्र बोललो. गावात बाराही महिने काम देणारं दुसरं कुणी नव्हतं. नाही सोडलं. मायनं नातं तोडलं नाही. लेकराच्या बारशाला आली, पण येताना फडक्यात स्वतःची भाकर बांधून आली. शेजारणींना म्हणाली, "मला पथ्य हाय." माझी लाज तिनं अशी झाकली, आणि त्यानं ती दुप्पट झाली.

पुढे वाइन खपेना. कारखाना बंद पडला, वेली उपटल्या, तिथं हळद लागली. मालकांनी बाग मात्र राखली. नवऱ्याला हळदीत काम मिळालं, आणि बागेसाठी एकच बाई ठेवली, मला.

हे कळल्यावर माय आली ती भाकर न बांधता, मोकळ्या हातानं. म्हणाली, "आज काय करतीस जेवायला?" मी पुरण घातलं. मन इतकं हलकं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात बागेत माझ्यासोबत राबलेल्या दोघी दारात आल्या. त्यांचं काम सुटलं होतं. मी मालकांपाशी त्यांच्यासाठी शब्द टाकावा, एवढंच मागायला आल्या होत्या.

पुरणाचा वास दारापर्यंत गेला होता. एकीनं विचारलं, "आज कोनता सण हाय बाई?"

मला त्यांच्याकडं पाहवेना. मायच आतून उठून आली आणि त्यांना जेवायला बसा म्हणाली. त्या बसल्या नाहीत.