तीन शिट्ट्यांचं गाणं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश हिट गाण्यांचा मी जाणकार होतो, म्हणून ड्रेस्डेनमध्ये एक अख्खा हिवाळा मी पहाटे उठून बर्फ उपसला.

माझं सगळं ज्ञान एका कॅसेटमधून आलं होतं. कॉलेजात असताना शिरीष या मित्राने पुण्यातल्या त्याच्या घरी, लंडन स्टेशन लावलेल्या रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ती भरली होती. (पुढे मी त्याच्या बहिणीशी, मंजिरीशी लग्न केलं. कॅसेट परत द्यावी लागू नये एवढाच हेतू नव्हता!) त्यातल्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर तीन शिट्ट्या वाजत. दोन खणखणीत, तिसरी फुसकी. माझ्या मते हे बंद पडणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांचे भोंगे होते आणि तिसरा म्हणजे कामगारांची मावळती आशा. हा सिद्धांत मी ऑफिसात दोनदा मांडला होता. एकदा जर्मनमध्ये.

वरच्या मजल्यावरच्या हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) क्राउझेंकडे त्याच गाण्याची मूळ तबकडी निघाली. दिवाळीला आलेल्या सासूबाई चकल्या द्यायला वर निघाल्या, तेव्हा मी आणि मंजिरीही गेलो. क्राउझेंनी तबकडी लावली. दुसरं कडवं संपलं. शिट्टी नाही!

"तुमची प्रत कापलेली आहे," मी म्हणालो.

"नाइन, नाही. मी हे गाणं वीस वर्षं ऐकतोय."

"मग वीस वर्षं अर्धवट ऐकताय!"

इमारतीसमोरचा बर्फ सकाळी सातच्या आत काढायची पाळी आमच्या दोन घरांत आलटून पालटून असे. पैज लागली: हरेल त्याने सगळा हिवाळा एकट्याने काढायचा.

"अरे, तुझी कंबर!" मंजिरी कुजबुजली.

"इथे इतिहासाचा प्रश्न आहे," मी म्हणालो आणि खाली जाऊन कॅसेट आणली.

क्राउझेंच्या जुन्या टेपवर गाणं सुरू झालं. दुसरं कडवं, आणि पहिली शिट्टी! क्राउझेंचा चेहरा पडला. मी उदारपणे टेप थांबवून त्यांना कारखाने, बेकारी, कामगार, सगळं समजावलं. ते वहीत लिहून घेऊ लागले! मी पुन्हा टेप सुरू केला. दुसरी शिट्टी झाली.

सासूबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मंजू, हा आपला कुकर गं!"

"आई, काहीतरीच काय!"

"अगं, रेडिओ ओट्यापाशीच नीट लागायचा. आता तिसरी फुसकी निघेल बघ. रिंग सैल झाली होती."

तिसरी फुसकी निघाली.

"आजी काय म्हणतात?" क्राउझेंनी विचारलं. मी म्हणालो, "विशेष काही नाही." मंजिरीने मात्र शब्दन् शब्दाचं भाषांतर केलं. (तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्या दिवशी फारच चांगलं होतं.)

क्राउझेंनी लिहिलेलं शांतपणे खोडलं. मग अदबीने विचारलं, "कुकरमध्ये काय होतं?"

"वरण-भात," सासूबाई म्हणाल्या. "आणि अहो अभयराव, उद्यापासून कानटोपी घालून जा हं."

त्या वर्षी बर्फ भरपूर पडला. मी फावडं घेऊन उतरलो की क्राउझे खिडकी किलकिली करून तीच तबकडी लावत. दुसरं कडवं संपलं की मी फावडं टेकून थांबायचो. खरं सांगतो, तीन शिट्ट्या झाल्याशिवाय ते गाणं मला आजही कच्चंच वाटतं.