केळीतले पंधरा दिवस

लग्नानंतर मी पहिल्यांदा सुरतेला निघाले, तेव्हा चोपड्याच्या स्टँडवर आबा एसटीच्या खिडकीशी उभे राहून मला पाण्याबद्दल सांगत होते. "तठे नळनं पानी ऱ्हास. उकळीसन पेजो." आमचे वडील तोवर गावाबाहेर कधी दोन दिवस मुक्कामाला राहिले नव्हते, पण शहराचं पाणी म्हणजे रोग आणि आपल्या गावचं पाणी म्हणजे अमृत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. माय रडत नव्हती; ती एका पिशवीत दुसरी पिशवी कोंबत होती. गाडी हलली तसे आबा खिडकीची दांडी धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "काही व्हयनं ते घर ये. घर तुन्हंच शे." मी ते शब्द गाठीला बांधून घेतले. नवी नवरी काय काय खरं मानते!

अमळनेरहून पॅसेंजर पकडली की सुरत. ह्यांची नोकरी लूमच्या खात्यात. कारखान्याला तिकडे खातंच म्हणतात. एका रूममध्ये आमचा संसार, शेजारी ओरिसाची माणसं, खाली दुकानदार काठेवाडी. वर्षभरात मी पोळीऐवजी रोटली म्हणायला लागले, आणि माहेरी गेले की माय मला 'गुजराथीण' म्हणून चिडवायची. पण पुलावरून तापी दिसली की मला बरं वाटायचं. हे पाणी आधी आपल्या गावावरून येतं, मग इथे पोचतं, एवढा हिशेब मला कळत होता. आमच्यासारखीच तीही खानदेशातून निघून सुरतेला आलेली.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही बदललो. गाव किती बदललं ते आम्ही पाहायचो, कारण आम्ही वर्षातून एकदाच यायचो. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात ज्वारी, तीळ आणि पावसावरचा कापूस. मार्चपासून सगळं रान उघडंबोडकं, भेगाळलेलं. मग नदीवरून पाईपलाईन आली, पाण्याच्या मोटारी आल्या आणि सगळ्यांनी केळी लावल्या. केळीला बारा महिने पाणी. घरं सिमेंटची झाली, पोरं मोटरसायकलवर फिरायला लागली. आणि दर खेपेला कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर भरदुपारी घोंगडी पांघरून कुडकुडणारं एक माणूस दिसायला लागलं. विचारलं की सांगायचे, हवा बदलली.

चौऱ्याण्णव साल तुम्हाला आठवत असेलच. सुरतेत आधी पूर आला, मग गटारं, मेलेली जनावरं, उंदीर. गणपती बोळवले आणि दोन-तीन दिवसांत बातमी फुटली, प्लेग आला. ह्यांचं खातं बंद झालं. औषधाच्या दुकानातल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्या; आम्हाला कशाबशा चार मिळाल्या. पेपरात आलं की परदेशातली विमानंसुद्धा यायची थांबली. विमानं थांबली, पण आमची पॅसेंजर थांबली नाही. तोंडाला ओढण्या-रुमाल बांधून आम्ही तिघं तिच्यात चढलो: हे, मी आणि आमची सात वर्षांची पिंकी.  डब्यात कोणी खोकलं की सगळे त्याच्याकडे बघायचे आणि तो माणूस मान खाली घालायचा. ह्यांचे आईवडील केव्हाच गेलेले. आम्हाला जायला घर एकच होतं.

एसटीने आम्हाला फाट्यावर सोडलं तर तिथे आबा बैलगाडी घेऊन हजर. सुरतेची माणसं निघाली हे गावाला आमच्याआधी कळलं होतं. मी धावत निघाले तसा त्यांनी हात वर केला. वीस पावलांवरून, उपरणं नाकाला लावून म्हणाले, "पोरी, रागे भरू नको. पंधरा दिन मळामा ऱ्हाय. मन्हा बापनी बठ्ठा घरले असंच वाचाडं." मागच्या प्लेगात, आबांच्या वडिलांच्या काळात, घरात उंदीर पडला की सगळं गाव मळ्यात जाऊन झोपड्यांत राहायचं. जे गावात राहिले ते गेले, जे रानात राहिले ते जगले. आमच्या घराण्यात हे सगळ्यांना पाठ होतं. रान म्हणजे औषध. आबांनी मोटारीची खोली चुन्याने रंगवून घेतली होती, खाट टाकली होती, नवा माठ भरून ठेवला होता. त्यांनी आम्हाला हाकललं असं कोणी म्हणू नये. त्यांनी आम्हाला त्यांच्या परीने वाचवलं.

फक्त ते रान आता राहिलं नव्हतं. त्या झोपड्या कोरड्या, उघड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर होत्या. आम्ही होतो केळीत. बाहेर ऊन चरचरत असताना आत हिरवा अंधार. पायाखाली चिखल, पाटात साचलेलं पाणी, कुजलेल्या पानांचा वास. वारा नसताना एखादंच पान हलायचं आणि बाकीची गप्प राहायची. मला सारखं वाटायचं की खोडांच्या रांगेत कोणीतरी उभं आहे. नीट बघितलं की सुकलेलं पान लोंबत असायचं. सुरतेत लूमच्या खडखडाटात झोपणारी मी, तिथे मला शांततेने झोप येईना. आणि डास. तिन्हीसांजेला ते असे उठायचे की बोलायला तोंड उघडायची सोय नव्हती.

दुपारी माय जेवण घेऊन बांधावर यायची. ताट ठेवायची, मागे सरायची, हाक मारायची आणि मी ताट उचलेपर्यंत लांब उभी राहायची. ते पितृपक्षाचे दिवस होते. ज्या दिवशी घरी पान वाढलं, त्या दिवशी तिने बांधावर दोन पानं ठेवली, एक कावळ्यांसाठी आणि शेजारी आमचं. दोन्हीत खीर, वडे, भात. दोन्हींपासून ती सारखीच लांब उभी राहिली. पिंकीने बराच वेळ पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मम्मी, आपण मेलोय का?" मी हसून तिला गप्प केलं. पण त्या दिवशी मला खीर गेली नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मायने बांधावरून सांगितलं की गावातले चारजण आबांकडे येऊन गेले. मळ्यात कोणाला ताप आला तर त्यांना आल्या वाटेने परत घालवायचं, असं बजावून गेले. तुमच्यातलेच चारजण, नावं मला माहीत आहेत, राग नाही. मीही गावात असते तर कदाचित पाचवी झाले असते.

अकराव्या दिवशी भरदुपारी पिंकी म्हणाली, थंडी वाजते. तिचे दात वाजत होते. अंगावर होतं नव्हतं ते सगळं घातलं तरी खाट हलत होती. मग अंग असं तापलं की हात ठेववेना, आणि मग घाम फुटून ती झोपली.  सुरतेतला रोग आपल्याबरोबर आलाच, दुसरं काय? हे म्हणाले, "मी पोरीला खांद्यावर टाकून रस्त्याला लागतो." मी त्यांना अडवलं. कोणी गाडीत घेणार नाही, उलट सगळ्यांना कळेल आणि हाकलतील, म्हणून अडवलं. सुरतेहून आणलेल्या त्या कॅप्सूल होत्या, त्यातली एक तिला दिली. बांधावर माय आली तेव्हा मी ओरडून सांगितलं, "सगळे बरे आहोत." आयुष्यात आईशी बोललेली खोटी वाक्यं पुष्कळ असतील, पण हे एकच मला अजून ऐकू येतं.

बाराव्या दिवशी पिंकी उठून खेळली. मी त्या कॅप्सूलला हात जोडले. तेराव्या दिवशी, त्याच वेळेला, पुन्हा थंडी. ह्या खेपेला ताप चढला आणि ती भलतंच बोलायला लागली. केळीकडे बोट दाखवून म्हणायची, "त्यांना बस म्हणा, किती वेळ उभे आहेत." तिथे कोणी नव्हतं. मग तिचे डोळे फिरले आणि हाकेला ओ देईना. तेवढ्यात बांधावरून मायची हाक आली. मला खोटं बोलवेना. मी तिथूनच रडत ओरडले की पिंकी चालली.

माय जागची हलली नाही. तिने विचारलं, "थंडी कव्हय वाजस? रोज, का एक दिन आड?"

मी सांगितलं, एक दिवस आड, याच वेळेला.

"हाऊ पलेग नही," ती म्हणाली. "हाऊ आपला हिवताप शे." आणि ताट तिथेच टाकून, लुगडं खोचून ती बांध उतरून चिखलातून सरळ आत आली. तिने नाकाला पदर लावला नव्हता. पोरीला उचलून तिने छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "चाल." आबांनी गाडी जुंपली. आम्ही भर गावातून गेलो. दारं लागताना मी ऐकली. मायने पोरीचं तोंडसुद्धा झाकलं नाही.

चोपड्यात डॉक्टरांनी पिंकीच्या बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरवलं, भिंगातून पाहिलं. पोट दाबून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली दाखवली. "आणखी एक दिवस थांबला असता तर माझ्याकडे आणायचं कारण नव्हतं," म्हणाले. मग आबांना म्हणाले, "आबा, हे सुरतेचं नाही, तुमच्या केळीचं आहे. पूर्वी तुमच्या रानात उन्हाळ्यात डासाला टेकायला ओल नव्हती. आता बारमाही पाणी दिलंत, तो बारमाही राहायला आला."  आबा उपरणं हातात घेऊन नुसती त्याची घडी घालत बसले. आयुष्यभर ज्याला औषध मानलं त्याच ठिकाणी त्यांनी नातीला नेऊन ठेवलं होतं.

पिंकी वाचली. दिवाळीनंतर आम्ही सुरतेला परतलो. डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या होत्या. ताप उतरल्यावर दुसऱ्या, तो पुन्हा येऊ नये म्हणून दिलेल्या, आम्ही अर्ध्याच घेऊन सोडल्या, आपण सगळेच करतो तसं. होळीच्या सुमाराला एका दुपारी ती शाळेतून आली आणि म्हणाली, थंडी वाजते. बाहेर उन्हाळा सुरू झालेला. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा ताप नवा नाही. यकृतात लपून बसतो आणि महिन्यांनी जागा होतो. मी पोरीकडे बघत राहिले. पाच महिने ती खेळली, शाळेत गेली, गुजरातीत कविता पाठ केल्या, आणि तो आत गप्प बसून होता. सुरतेने गावाला रोग दिला असं सगळे म्हणत होते. आम्ही गावातून तो सुरतेला आणला, पोरीच्या रक्तात घालून, आणि रेल्वेत कोणी आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझी झोप तेव्हापासून गेली ती गेलीच. डास चावला की मी अजून तो कोणाकोणाला चावून आला असेल याचा विचार करते.

औषध सुरू झालं तरी थंडी-ताप लगेच सुटेना, तेव्हा मी घरी पत्र टाकलं. आठव्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं तर आबा. एकटे, आयुष्यात पहिल्यांदा सुरतेत, पत्ता विचारत विचारत आलेले. आणि हात रिकामे. केळीवाला माणूस लेकीच्या दारी केळीचा घड न घेता येत नाही, पण मळ्यातलं काहीच त्यांनी आणलं नव्हतं. मी "या आबा" म्हणाले तरी ते उंबऱ्याच्या आत येईनात. बाहेर गॅलरीत, शेजाऱ्यांच्या चपलांजवळ बसले.

"आठेच बससू मी," म्हणाले. "मन्हाच मळाना ताप शे. कितला दिन बाहेर ऱ्हावानं शे, सांग."

ते खरंच विचारत होते. मी पंधरा म्हणाले असते तर ते पंधरा दिवस त्या गॅलरीत बसले असते. मला त्यांचा राग होता, तुम्हाला खरं सांगते, तोवर होता. मी बाहेर जाऊन त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "आबा, घर तुमचंच आहे." ते उठेनात. तेव्हा आतून पिंकी घोंगडी गुंडाळून, भिंत धरत धरत आली, त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिथेच कुडकुडायला लागली. आबांनी दोन्ही हातांनी तिला आवळून धरलं. मग मी पण उंबरा ओलांडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले, आणि तिचा ताप उतरेपर्यंत आम्ही तिघं दाराबाहेरच बसून राहिलो.