एक्झिट मारून येणे

२००३ च्या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीला अमेरिकेतल्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. तिचा नवरा त्याच विमानतळाच्या बाहेर तिची वाट पाहत उभा होता. ती मस्कतला उतरली तेव्हा तिच्याजवळ फक्त खांद्याची बॅग होती. सुटकेस तिकडेच राहिली. सुटकेस पंधरवड्याने आली, तेव्हा तिचं कुलूप तुटलेलं होतं आणि आत आईने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी नव्हती.

आम्ही मस्कतच्या वादी अदाई भागात राहत होतो. वडील मूळचे वसईचे, जवळच्या रुवीत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर कामाला. मी रुवीतल्याच एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बारावीनंतर, १९९९ मध्ये, ती विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेला शिकायला गेली. २००२ च्या उन्हाळ्यात तिने तिथल्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं. तो जन्माने अमेरिकन नागरिक होता. लग्नानंतर दोघांनी ग्रीन कार्डासाठी अर्ज केले. अर्ज दोन होते. एक त्याचा, ही माझी बायको आहे असं सांगणारा. दुसरा तिचा, विद्यार्थी म्हणून आले आहे, आता कायमची राहू द्या असं मागणारा. वकील केला नव्हता. अर्ज दोन आहेत आणि त्यांचं भवितव्य वेगवेगळं असू शकतं, हे आमच्या घरी फार उशिरा कळलं.

त्याआधी आमच्या घरी व्हिसाबद्दल काय माहीत होतं, ते सांगायला हवं. १९९१ मध्ये आई आम्हा दोघींना घेऊन व्हिजिट व्हिसावर मस्कतला आली. काही आठवड्यांनी वडिलांच्या कंपनीने आमचा फॅमिली व्हिसा काढला. पण तो देशात बसून लागू होत नसे. आधी देशाबाहेर जायचं आणि नव्या व्हिसावर परत आत यायचं. याला सगळे ‘एक्झिट मारणं’ म्हणत. आम्ही बसने दुबईला गेलो, वडिलांच्या एका मित्राच्या घरी राहिलो आणि परत आलो. सीमेवर आईने तिन्ही पासपोर्ट खुबूसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, रिकाम्या पिशवीत गुंडाळून पदराखाली धरले होते. खिडकीतल्या माणसाने पासपोर्टांवर शिक्के मारले. वडील पलीकडे उभे होते. “झालं. जुना खलास, नवा चालू,” ते म्हणाले. आमच्या इमारतीतल्या बहुतेक कुटुंबांनी केव्हा ना केव्हा एक्झिट मारली होती. त्यात चुकलेलं कोणी आम्हाला माहीत नव्हतं.

२००२ च्या नोव्हेंबरात बहिणीचा फोन आला. आईने स्पीकर चालू केला. आईला चर्चमधलं लग्न हवं होतं.

“कोर्टात सह्या केल्या, त्याला लग्न म्हणतात का गो? बायका विचारतात, मुलीचं कधी करता? काय सांगू? झालं, पण झालं नाही?”

“आई, चर्चमधलं इथेपण होईल.”

“तिथे कोण आहे आपलं? उंबराचं पाणी कोण आणणार, पोलीस?”

उंबराचं पाणी म्हणजे आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवरून आणतात ते. बहीण हसली. मग म्हणाली, “पप्पांना दे.”

वडील फोनजवळ सरकले.

“पप्पा, अर्ज चालू असताना देश सोडायचा तर आधी परवानगी काढावी लागते म्हणतात. तिला दोन-तीन महिने लागतात.”

“कोण म्हणतं?”

“माझ्या वर्गातली एक मुलगी. तिला कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं.”

“तुझ्या पासपोर्टावर स्टुडंट व्हिसा आहे ना? कधीपर्यंत?”

“ऑगस्टपर्यंत.”

“मग अडवणार कोण? बाय, व्हिसा बदलायचा म्हणजे एक्झिट मारावीच लागते. आत बसल्या बसल्या कोणाचा व्हिसा बदललाय कधी? उलट तू बाहेर पडलीस तर त्यांचं काम सोपं होईल.”

“अमेरिकेत तसं नसेल कदाचित.”

“सरकार म्हणजे सरकार. सगळीकडे सारखंच.”

मी त्याच खोलीत होते. हरकत कोणी घेतली नाही. बहिणीने नवऱ्याला विचारलं. त्याला आयुष्यात कधी कुठला व्हिसा लागला नव्हता. तुझ्या वडिलांना यातलं जास्त कळत असेल, असं तो म्हणाला.

लग्न नाताळनंतरच्या आठवड्यात रुवीच्या चर्चमध्ये झालं. आदल्या दिवशी उंबराच्या पाण्यासाठी आमच्या इमारतीत विहीर नव्हती. तळमजल्यावर सिमेंटची टाकी होती, ती टँकरने भरायचे. बायका साड्या नेसून जिन्याने खाली उतरल्या. बँडऐवजी शेजारच्या मुलाचा टेपरेकॉर्डर होता.

“विहिरीला मान द्यायचा असतो,” तिसऱ्या मजल्यावरची आंटी म्हणाली. “इथे टँकरवाल्या पठाणाला द्या.”

“दे की. तुझ्याकडे रोज बघतो तो,” दुसरी म्हणाली.

“माझ्याकडे नाही गो, माझ्या थकलेल्या बिलाकडे.”

कळशी भरल्यावर नवरदेव ती उचलायला पुढे झाला. त्याला वाटलं, हे आपलं काम असावं.

“अरे, जावईबापूंना पाणी वाहायला लावू नका,” आंटी ओरडली. “ग्रीन कार्ड कॅन्सल करतील!”

बायका हसल्या. काय म्हणाल्या, असं त्याने बहिणीला विचारलं. तिने त्याला वेगळंच काहीतरी सांगितलं.

त्याची रजा थोडी होती. तो आधी परतला. बहीण जानेवारीच्या मध्याला निघाली.

तिकडे काय झालं ते तिने परत आल्यावर एकदाच सविस्तर सांगितलं, आणि त्यानंतर सांगितलं ते कधी वेगळं नव्हतं. पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने विचारलं, कशासाठी आलात. लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं होतं की काउंटरवर घाबरायचं नाही, स्पॉन्सरचं, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर व्हिसा निघतो त्याचं, नाव सांगायचं. मस्कतच्या सीब विमानतळावर त्याहून वजनदार उत्तर नव्हतं. तिने तेच केलं. “माझा नवरा माझा स्पॉन्सर आहे. तो बाहेर उभा आहे. आमचे ग्रीन कार्डाचे पेपर दिलेले आहेत.”

तिला आतल्या खोलीत नेलं. प्रवासाची परवानगी दाखवा, म्हणाले. ती नव्हती. विद्यार्थी व्हिसा शिकून परत जाणाऱ्यांसाठी असतो आणि आपण कायमचं राहायला आलो आहोत हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तिचा अर्ज चालू होता असं ती म्हणाली. तुम्ही परवानगीशिवाय देश सोडलात त्या दिवशी तो संपला, असं तिला सांगण्यात आलं. आपणहून परत जा, नाहीतर आम्ही हुकूम काढू आणि मग पाच वर्षं येता येणार नाही. तिने आपणहून जाण्यावर सही केली. पासपोर्टातल्या व्हिसावर रद्दचा शिक्का बसला. नवऱ्याला आत सोडलं नाही. बऱ्याच वेळाने एकाने बाहेर येऊन त्याला सांगितलं की तुमची पत्नी आज येणार नाही.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मंदूबला घरी बोलावलं. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. हा मूळचा कराचीचा होता आणि आमच्या सगळ्या एक्झिट त्यानेच पार पाडल्या होत्या. त्याने चहा घेतला, रद्द झालेला व्हिसा उजेडाकडे धरून पाहिला आणि पासपोर्ट वडिलांना परत दिला.

“भाई, अमेरिका में अपना कोई अर्बाब नहीं है.” अर्बाब म्हणजे मालक, स्पॉन्सर.

“काही तरी असेल ना. फाइन भरू.”

“फाइन का मामला नहीं है ये.” मग त्याने बहिणीच्या ओमानच्या व्हिसाचं पान काढलं. ती दर उन्हाळ्यात येत असल्यामुळे तो अजून चालू होता, वडिलांची अविवाहित मुलगी म्हणून. “जून तक है. उसके बाद शादीशुदा लड़की बाप के ऊपर नहीं चलेगी.”

फेब्रुवारीच्या अखेरीस नवऱ्याने तिच्या अर्जाचं उत्तर फॅक्सने माझ्या ऑफिसात पाठवलं. मी ते घरी नेलं. अर्ज ‘अबँडन्ड’ समजण्यात येत आहे, असं त्यात होतं.

“म्हणजे काय?” आईने विचारलं.

“सोडून दिलेला.”

“कोणी कोणाला सोडलं?”

“तिने अर्ज सोडून दिला, असं ते समजतात.”

“तिने कुठे सोडला? ती तर परत गेली होती. दारातून त्यांनी घालवली.”

मी दुसरा शब्द शोधला. टाकलेला, हा एक होता. तो मी आईला सांगितला नाही. वडील तेव्हा बाल्कनीत होते. ते आत आले नाहीत.

आता वकील केला. त्याने सांगितलं की नवऱ्याचा अर्ज जिवंत आहे. तो मंजूर झाला की फाइल मुंबईच्या वकिलातीत जाईल आणि बहिणीला तिथे मुलाखतीला बोलावतील. वेळ लागेल. किती, ते त्याने सांगितलं नाही. बहीण जूनमध्ये वसईला गेली आणि मावशीकडे राहू लागली. तिचं शिक्षण एका सत्रावर अडलं होतं. मावशीच्या ओळखीने तिने एका शाळेत बदली शिक्षिकेचं काम धरलं.

वादी अदाईत वडिलांकडे पूर्वी लोक सल्ला विचारायला येत. त्या वर्षी वरच्या मजल्यावरचा एकजण मुलाच्या व्हिसाचं विचारायला आला. “मला विचारू नका,” वडील म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तो माणूस थोडा वेळ बसून गेला.

नवरा २००३ च्या नोव्हेंबरात एकदा वसईला आला. आठवडाभरासाठी आला आणि त्यातले बरेच दिवस पोट बिघडून पडून होता. मी सुट्टी घेऊन गेले होते. भिंत पातळ होती. तो इंग्रजीत विचारत होता, “त्या दिवशी तू नुसतं शिकायला आले असं का नाही म्हणालीस? एवढंच म्हणायचं होतं.”

“मी शिकायला आले नव्हते.”

“ते त्याला कुठे माहीत होतं?”

“मला माहीत होतं.”

तो हाच प्रश्न फोनवरही विचारत असे, असं ती मला म्हणाली. सुरुवातीला ती कारणं देई. पुढे देईनाशी झाली. २००४ च्या सुरुवातीला फोन रविवारचे झाले, मग महिन्याचे. याच काळात त्याचा अर्ज मंजूर होऊन फाइल मुंबईला आली. बहिणीने पोलिसांचा दाखला काढला, वैद्यकीय तपासणीची चौकशी केली आणि मुलाखतीच्या तारखेची वाट पाहू लागली. आईने मस्कतहून तिच्यासाठी नवी सुटकेस पाठवली.

सप्टेंबरात वकिलातीचं पत्र आलं. पतीने आपला अर्ज मागे घेतला असल्याने मुलाखत होणार नाही आणि प्रकरण बंद करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याने तो जुलैमध्येच मागे घेतला होता. जुलै आणि सप्टेंबरच्या मध्ये त्याचे दोन फोन येऊन गेले होते. दोन्ही वेळा तो हवामानाबद्दल आणि नव्या नोकरीबद्दल बोलला होता.

बहिणीने त्याला फोन केला. त्याने उचलला. मला जमलं नाही, असं तो म्हणाला. तिने विचारलं, सांगायला काय झालं होतं. सांगणार होतो, तो म्हणाला.

घटस्फोटाचे कागद २००५ च्या फेब्रुवारीत वसईच्या पत्त्यावर आले. तिने सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते कुरिअरने पाठवले.