रक्षाच्या वहीतला रिकामा रकाना

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर टिनाच्या शेडात रक्षाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटीवर तिनं फक्त स्वतःचं नाव लिहिलंय. वडील नत्थू तिकडे हिंगणीला जंगलात मजुरी करतात. घरात गोंडी बोलणारी ही पोर इथल्या वसतिगृहात राहून शिकली आणि आठवीत माझ्या वर्गात आली. मी बंडोपंत, विज्ञानाचा मास्तर. आता रिटायर झालोय, पण जीभ अजून नोकरीत आहे.

प्रयोगशाळेत मी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घ्यायचो. जे दिसलं ते लिहा, उत्तर चुकलं तरी चालेल, पण कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही. तीस-बत्तीस वर्षांत हे किती जणांनी मनावर घेतलं ते विचारू नका. रक्षानं घेतलं. तिच्या दुकानात आजही एक वही असते. गाडीचा नंबर, तक्रार, कारण, काय केलं. आजवर एक रकाना कोरा नाही.

मे महिन्यात माझ्या कारच्या एसीची बटणं मेली. पंखा एकाच गतीनं गरम हवा फेकायचा, आणि काहीही दाबा, पॅनल आपलं ढिम्म. शहरातल्या एका वर्कशॉपवाल्यानं काच खाली करून आत पाहिलं आणि म्हणाला, अख्खं पॅनल बदला. माझं डोकंच फिरलं. न तपासता निदान करणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. गाडी वळवली ती थेट रक्षाच्या शेडात.

तोवर तिच्याकडे मोटरसायकली आणि ट्रॅक्टरच यायचे. कार द्यायला कोणी धजत नव्हतं. त्यामुळे बातमी पसरली आणि टॅक्सीवाले पाच-सहा जण शेडाशी येऊन उभे राहिले. सोबत गावातला जुना मिस्त्री ताराचंद. "सरनं नवी गाडी पोरीच्या हाती देल्ली! पाहू, जमते का," तो म्हणाला. आज जमलं तर या सगळ्यांच्या गाड्या तिच्याकडे येणार होत्या. फसलं तर जन्मभर मोटरसायकली.

रक्षानं आधी फ्यूज पाहिला. चांगला होता. मग बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा लावली. कधी कधी आतला कॉम्प्युटरच अडकलेला असतो, म्हणाली. फरक नाही. मग पॅनलमागच्या जोडावर मीटर लावलं. "सर, करंट तं येऊन राह्यला. पॅनलच्या आतच अटकलं काहीतरी."

तिनं पॅनल सोडवलं. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू पळसाच्या पानांच्या वेगळ्या द्रोणात, द्रोणावर मार्करनं आकडा. हे द्रोण तिची आई सुंदरा गावाहून पाठवते.

"पंगत बसवते काय व?" ताराचंद म्हणाला. सगळे हसले. रक्षा हसली नाही.

तिनं पॅनल उघडलं आणि हात थांबला. पिनांवर हिरवा गंज चढला होता. तिनं नाक जवळ नेऊन वास घेतला. मग एसीच्या मधल्या जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली.

कारण तो वास वाळ्याचा होता. आपण कूलरला वाळा लावतो, तशी मी वाळ्याची ओली पुरचुंडी एसीच्या जाळीला टांगत होतो. रोज दुपारी, चांगली पाण्यात बुडवून. यशोदा, माझी बायको, दोनदा म्हणाली होती की पाणी आत गळून राह्यलं. मी तिला बाष्पीभवनावर पाऊण तास ऐकवलं होतं. आणि रक्षाकडे यायच्या आधी ती पुरचुंडी गुपचूप डिक्कीत टाकली होती.

रक्षानं पिना ब्रशनं घासल्या, स्प्रे मारला, पॅनल जोडून बटण दाबलं. काही नाही. "आत ओल आहे अजून," ती म्हणाली. "घंटाभर उन्हात ठेवा लागन."

"मे महिन्यात ओल कुठून आली?" ताराचंद गरजला. "पाऊस नाई, पाणी नाई. जाळलं म्हण ना सरळ!"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण तिनं मान खाली घातली आणि वही ओढली. नंबर लिहिला, तक्रार लिहिली, काय केलं तेही लिहिलं. कारणाचा रकाना सोडून दिला. टॅक्सीवाले निघायला लागले. जन्मात पहिल्यांदा तिनं माझा नियम मोडला होता, आणि तोही माझी अब्रू वाचवायला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"थांबा रे सगळे," मी ओरडलो. डिक्कीतून पुरचुंडी काढून ताराचंदच्या हातात ठेवली. "ही ओल. मी टांगली, मी लपवली. वासावरून या पोरीनं ओळखली आणि माझ्यासाठी गप्प राहिली."

मग जे हसले सगळे! हसू दे. तेवढ्यात रक्षानं पॅनल टिनावर उन्हात ठेवलंही होतं. तास उलटला, तरी एकही टॅक्सीवाला हलला नाही. पॅनल लागलं. बटण दाबताच आकडे उजळले आणि थंडगार हवा आली. ताराचंदनं जाळीपुढे हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. "माह्या गाडीचंही असंच अडकते बाई," तो हळूच म्हणाला. "उद्या आणू काय?"

"आणजा काका. पण पहिले खरं कारण सांगजा," रक्षा म्हणाली.

मी तिच्या हातून पेन घेतला. रिकाम्या रकान्यात लिहिलं: मालकानं टांगलेला ओला वाळा. खाली सही केली.

रक्षानं वाचलं आणि डोळे पुसत हसली. "सर, अक्षर अजून तसंच आहे तुमचं."

हजारो वह्या तपासल्या मी. त्या एकाच वहीत माझा मूर्खपणा माझ्या सहीनिशी लिहिलेला आहे, आणि तिच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच वहीचा नाही.